पापनाशमहून येणारी जांभळी गिटार

माझ्या कामाच्या खोलीत भिंतीवर ज्या गिटारी टांगल्या आहेत त्या सगळ्यांना टोकं आहेत. कुणाला दोन, कुणाला चार, एकीला तर वटवाघळासारखे पंखच. आणि प्रत्येकीला सात तारा. तंजावूरच्या मेल वीधीत, साठी उलटलेल्या बाईच्या घरात हा प्रकार पाहिला की नवखा माणूस आधी मागे सरकतो आणि मग विचारतो, "मुलाच्या का?" मुलाच्या नाहीत, माझ्या आहेत. मला एक मुलगी आहे. ती होसूरला दातांची डॉक्टर आहे आणि या वाद्याच्या आवाजाने तिचेच दात शिवशिवतात.

पुण्याला दिलेल्या माझ्या नणंदेने हे लिहायला लावलं. आमचं घरातलं मराठी तुमच्यापेक्षा जुनं, आणि त्याला हेल तमिळचा. देवनागरी मला शाळेतल्या संस्कृतामुळे वाचता-लिहिता येते, नाहीतर आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना येत नाही. नणंदेने माझं लिहिणं तुमच्या वळणावर आणून दिलं आहे. माणसांचं बोलणं मात्र मी तिला बदलू दिलं नाही.

पगाराची नोकरी मी एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत केली. तिथे सोनोमीटर नावाची लांबट पेटी असते. तिच्यावर एकच तार ताणलेली, तारेच्या टोकाला वजनं. तार किती जाड, किती लांब, किती ताणलेली यावर तिचा स्वर कसा ठरतो हे मुलांना त्यावर दाखवतात. उपकरणं नीट ठेवणं एवढंच माझं काम. पण मुलं गेली की मी ती तार काढून दुसरी लावून बघायची. लाकडाखाली कापसाची गादी ठेवून बघायची. समोरची वस्तू आहे तशी राहू देणं मला जमत नाही. प्राध्यापक म्हणायचे, "मॅडम, कालचं उत्तर आज का येत नाही?" मी सोनोमीटरची वजनं पुसत बसायची.

पहिली गिटार अशाच एका मुलाने आणून दिली. आमच्या आसपास इंजिनिअरिंगची कॉलेजं बरीच आहेत. पहिल्या वर्षाला मुलं बँड काढतात, केस वाढवतात, घरी हट्ट करून भाल्यासारखी टोकदार गिटार आणतात. शेवटच्या वर्षाला नोकरी लागते, केस कापले जातात आणि गिटार विकायला निघते. सहा तारांची साधी गिटार कुणीही घेतं. चर्चमध्ये लागते, लग्नातल्या ऑर्केस्ट्रालाही लागते. सात तारांची टोकदार गिटार मात्र कुणाला नको असते. त्या मुलाने विचारलं, "मॅडम, तुम्हाला तारांची आवड आहे. घेता का?" मी घेतली. घरी आणली त्याच संध्याकाळी तिचे सगळे स्क्रू वाटीत काढून ठेवले होते.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साध्या गिटारला सहा तारा असतात. सातवी म्हणजे वर आणखी एक जाड तार, अगदी खालच्या स्वराची. ती छेडली की आवाज कानाआधी पोटात कळतो. लोक नाक मुरडतात तेव्हा मी म्हणते, आपल्या वीणेला सात तारा चालतात, मग हिने काय घोडं मारलं? टोकांचा मात्र वाजवण्याशी काही संबंध नाही, ती निव्वळ ऐट. त्यांच्यामुळे गिटार मांडीवर ठरत नाही, भिंतीला टेकून उभी राहत नाही, कुठल्या पेटीत मावत नाही, आणि दारातून जाताना चौकटीला लागून तिचा रंग उडतो. वर डोकं जड असल्यामुळे गळ्यात अडकवली की मान खाली घालते. हे सगळं मी दुरुस्त करते. पट्ट्याची खुंटी हलवते, डोक्यातलं लाकूड मागून कोरून हलकं करते, आतली तांब्याच्या तारेची वेटोळी उलगडून पुन्हा गुंडाळते. आवाज पकडणारी लोहचुंबकं त्या वेटोळ्यांतच असतात.

गिऱ्हाइकं येतात ती बहुतेक ऐकीव माहितीवर. ख्रिस्तोफर नावाचा एक मुलगा चर्चमध्ये वाजवायचा. तिथल्या वडीलधाऱ्यांना त्याच्या गिटारची शिंगं खटकली. ती सैतानाची वाटतात, कापून आण, असं त्यांनी सांगितलं. तो रडकुंडीला आला होता. शनिवारी त्याच गिटारवर तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा आणि तिथे लोक त्या शिंगांसाठीच त्याला ओळखायचे. मी हलक्या लाकडाच्या दोन गोल टोप्या केल्या, शिंगांवर चपखल बसणाऱ्या. रविवारी टोप्या, शनिवारी शिंगं. वडीलधारे खूश झाले. त्यातल्या एकाने मला निरोप धाडला की गिटार आता फार सात्त्विक वाजते.

अशी कामं मी हसत हसत करत आले. कावेरीबाईंचं काम तसं नव्हतं.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आधी मला ऑटोवाल्याचा आवाज ऐकू आला. "अम्मा, नांगर आहे का हा?" बाहेर आले तर सत्तरीच्या एक बारीक बाई ऑटोतून उतरत होत्या. जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी पोटाशी धरलं होतं. त्या गाठोड्याच्या चार कोपऱ्यांना चार करवंट्या बांधल्या होत्या.

"गिटार बघते ती तूंच कां?" त्यांनी विचारलं. मराठीत, आणि माझ्यापेक्षा चोख.

"हो. या, बसा मामी."

"आधीं हिला ठेवायला जागा दाखव. बसमध्यें कोणाला टोचूं नये म्हणून करवंट्या बांधल्या, तरी कंडक्टर दोन वेळां ओरडला."

लुगडं सोडल्यावर मी गिटार खिडकीच्या उजेडात धरली. जांभळी, चार टोकांची, डोकं उलटं फिरवलेलं, आणि मान वेगळी जोडलेली नव्हे तर अंगाच्याच लाकडातून निघालेली. एका परदेशी कंपनीने ही घडण थोडेच दिवस काढली आणि बंद केली. मी तिचा फोटो कधीकाळी एका मासिकात पाहिला होता. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येक वाजवणाऱ्याला मी तिच्याबद्दल विचारत होते. आणि ती पापनाशमला, इथून बसने तासाभराच्या वाटेवर, कुणाच्या तरी कपाटावर पडून होती.

"हिचें काय झालें आहे?" मी विचारलं.

"कांहीं झालें नाहीं. स्वरांत लावून दे. माझा सीनू सांगून गेला आहे, अम्मा, हिला स्वरांत ठेव. मला तें येत नाहीं."

सीनू, म्हणजे श्रीनिवास, त्यांचा एकुलता एक मुलगा. कॅनडात नोकरीला होता. यजमान शाळामास्तर होते, ते वारल्यावर घरात या एकट्याच. मी त्यांना समजावलं की वाजवायची नसेल तर गिटारच्या तारा थोड्या सैल सोडाव्यात. तारांचा ताण फार असतो, आणि आमच्याकडच्या दमट हवेत त्या ताणाने मान वाकते. "तो येईल तेव्हां मी लगेच लावून देईन," मी म्हटलं.

"तो आल्यावर लावायची असती तर मला कशाला सांगून गेला असता?"

 मी स्वर लावून दिला.

त्यानंतर त्या महिन्यातून एकदा येऊ लागल्या, प्रदोषाच्या दिवशी, म्हणजे मोठ्या देवळातही जाणं व्हायचं. येताना करवंट्या बांधलेलं गाठोडं असायचंच. दुपारी आमच्याकडे जेवायच्या. माझ्या हातची डांगर पचडी, म्हणजे भाजलेल्या उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, त्यांना आवडायची, पण डाळ जास्त भाजते असं दर वेळी सांगायच्या. बोलत खूप. "पापनाशमला मराठी बोलायला आतां भिंत तेवढी उरली आहे," म्हणायच्या. त्या बोलत असताना मी गिटारच्या खुंट्या पिळत बसायची. तिचा स्वर जुळायला फार वेळ लागू नये, पण मी लावायची. तेवढा वेळ ती माझ्या मांडीवर असायची.

त्या गेल्या की मला घरात चैन पडायचं नाही. मी हिरव्या गिटारमधली वेटोळी काढून पांढरीत बसवायची आणि दुसऱ्या दिवशी परत हिरवीत. माझे यजमान गोविंदराव सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, शांत माणूस. ते पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "पापनाशमची बस येऊन गेली वाटतें."

मग एक दिवस सीनूचा मला निरोप आला. माझा नंबर त्याला आईच्या फोनमधून मिळाला असावा. त्याने लिहिलं होतं की मी आता वाजवत नाही, आई या वयात ते धूड घेऊन बसने हिंडते त्याची मला काळजी वाटते, तुम्ही ती विकत घेऊन टाकाल का, तुम्ही मागितलीत तर ती देईल. मी तो निरोप किती वेळा वाचला ते सांगत नाही. पुढच्या प्रदोषाला त्या आल्या, जेवल्या, आणि कॉफी घेत असताना मी त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी पेला खाली ठेवला. "तुला लिहिलें. मला कां नाहीं सांगितलें?"

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून असेल."

"मग आतां काय चांगलें वाटतें आहे?"

त्या भिंतीवरच्या गिटारींकडे एकेक करून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "घे. तुझ्या डोळ्यांत मी पहिल्या दिवसापासून बघतें आहे. पण एक आहे. हिला हात लावायचा नाहीं. ह्या बाकीच्यांचें तूं काय केलें आहेस तें मला दिसतें. ह्याचें डोकें त्याला, त्याचे पाय ह्याला. माझ्या मुलाच्या वस्तूचें तसें व्हायला नको."

"स्वर तरी लावूं कां?"

"स्वर लाव. स्क्रू फिरवायचा नाहीं."

मी कबूल केलं. कुठल्याही अटीला कबूल झाले असते. मी ठरलेले पैसे सीनूला पाठवले आणि जांभळी माझ्या भिंतीवर आली. खिडकीसमोरची जागा मी तिच्यासाठी रिकामी केली होती.

ज्या वस्तूची इतकी वर्षं वाट पाहिली ती घरात आल्यावर माणूस सुखी होतो असं मला वाटायचं. माझं उलटंच झालं. तिची एक खुंटी मूळची नव्हती, कुठल्यातरी स्वस्त गिटारची होती. पट्ट्याची खुंटी चुकीच्या जागी होती. तिसऱ्या आणि चौथ्या तारेमधला आवाज असमान होता. हे सगळं मला खोलीत शिरलं की दिसायचं, आणि मी काही करू शकत नव्हते. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन मी तिच्यासमोर उभी राहायची आणि मग दुसरीच कुठलीतरी खाली काढायची. त्या काळात माझ्या बाकीच्या गिटारींचे फार हाल झाले. एकीचा रंग मी खरवडून काढला आणि नवा दिला, तो आवडला नाही म्हणून तोही काढला.

कावेरीबाईंचं येणं थांबलं नाही. आता त्या मोकळ्या हाताने यायच्या, आधी खोलीत जायच्या, चष्मा लावून जांभळीला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या. एकदा त्यांनी तिच्या पाठीवरच्या झाकणाच्या स्क्रूंवरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. तेलाचा वास येतो का ते बघत होत्या.

"नाहीं हो मामी," मी म्हटलं.

"मी कुठें कांहीं म्हटलें?" असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

ऐप्पसी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, आमच्याकडे खरा पाऊस येतो. त्या वर्षी तो धरून बसला. कपडे वाळेनात, अप्पळम, म्हणजे पापड, डब्यात मऊ पडले. एका सकाळी स्वर लावायला मी जांभळीला खाली घेतलं तर जाड तार पडद्यांवर खरखरली. मी तिची मान डोळ्यासमोर धरून लांबीवर नजर टाकली. ती वाकायला लागली होती, आणि एका अंगाला किंचित पिळही पडत होता. इतर गिटारींची मान स्क्रूने जोडलेली असते, बिघडली तर दुसरी बसवता येते. हिची मान म्हणजेच हिचं अंग. ती गेली की सगळी गेली. लाकडाच्या आत पोलादाची कांडी असते. तिचं टोक डोक्यापाशी एका छोट्या पट्टीखाली असतं. ते किल्लीने थोडं पिळलं की मान सरळ होते. पाच मिनिटांचं काम. पण त्या पट्टीला स्क्रू होते.

मला मोह झाला नाही असं नाही. कावेरीबाई पंचवीस किलोमीटर दूर होत्या, पावसात येणार नव्हत्या, आणि पट्टी काढून परत लावलेली त्यांना कळली नसती. दिवसभर मी त्या खोलीत जात-येत राहिले. गोविंदराव म्हणाले, "फोन कर, नाहींतर माझें डोकें तरी उघड." मी फोन केला.

"तुला हेंच करायचें होतें," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतें."

"मामी, मी खोटें बोलत नाहीं. असेंच राहिलें तर ती कायमची वांकेल."

त्या मग म्हणाल्या, "मी येतें. मी आल्याशिवाय कांहीं करूं नको."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. लुगड्याचा काठ घोट्याच्या वरपर्यंत भिजला होता, छत्री एका बाजूने मोडली होती. कोरडं नेसायला दिलं ते त्यांनी नेसलं, खुर्ची टेबलाला चिकटवून बसल्या आणि एक ताटली मागितली. "काढशील तो स्क्रू ह्यांत टाक. माझ्यासमोर."

मी पट्टी काढली. किल्ली लावली, थोडी पिळली, मान बघितली, पुन्हा थोडी. लाकूड बारीक कुरकुरलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. मी थांबले. मग त्यांनीच हात सोडला. मान सरळ आली. मी तार छेडली, खरखर गेली होती. आवाज तपासायला गिटार अॅम्प्लिफायरला जोडली तर आतून भुंग्यासारखी घरघर येऊ लागली.

"हें काय?"

"आंत कुठेंतरी जोड सुटला असेल. मागचें झांकण उघडूं कां?"

त्यांनी ताटली पुढे सरकवली.

झाकणाखाली तारांचं जाळं असतं. कंपनीचं काम नीटनेटकं होतं, फक्त एका ठिकाणी कुणीतरी मध्येच हात घातला होता. दोन तारा एकमेकींना पीळ घालून जोडलेल्या, त्यातली एक जुन्या रेडिओतली, आणि वर कथलाचा हा एवढा गोळा, चिंचोक्याएवढा. त्याच्याभोवती लाकूड जळून काळं झालं होतं. कॉलेजात मी पहिल्या वर्षाच्या मुलांचे असे हजारो जोड पाहिले आहेत.

"हें कंपनीचें नाहीं," मी म्हटलं.

त्या वाकून पाहू लागल्या. "आमचा रेडिओ त्यानें मोडला होता. ह्यांनी त्याला फार मारलें होतें." मग विचारलं, "हें सीनूनें केलें आहे?"

"असावें."

"बरें केलें आहे कां?"

 "चांगलें नाहीं," मी म्हटलं. "पण इतकी वर्षें धरून आहे."

"मग तें राहूं दे. बाकीचें काय तें कर."

"मामी, घरघर त्याच्यामुळेंच आहे."

"असूं दे."

मी झाकण लावलं. ताटलीतले स्क्रू त्यांनी एकेक करून माझ्या हातात दिले.

सीनू आला तो पोंगलच्या आधी, थोड्या दिवसांच्या रजेवर. आईने त्याला माझ्याकडे ओढून आणलं असावं असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. चाळिशीला आलेला, टक्कल पडू लागलेला, फार मृदू बोलणारा माणूस. मराठी कळत होतं, पण उत्तर तमिळमध्ये द्यायचा. खोलीत शिरल्यावर आधी तो बाकीच्या गिटारींकडे पाहत राहिला. जांभळीकडे शेवटी वळला. मी ती काढून त्याच्या हातात दिली.

पहिली काही मिनिटं त्याची बोटं चालत नव्हती. घरघर ऐकून त्याने कपाळाला आठ्या घातल्या, माझ्या टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर सहज उचलला आणि मागचं झाकण उघडलं. मी कावेरीबाईंकडे पाहिलं. त्या खाली पाहत होत्या.

"अय्यो," तो म्हणाला. "हा डाग कुणी दिलाय, अक्का? भयंकर काम आहे."

"जुनें आहे," मी म्हटलं. "चालतें आहे."

"काढून टाका की."

"राहूं दे," कावेरीबाई म्हणाल्या.

त्याने आईकडे पाहिलं, खांदे उडवले, झाकण लावलं आणि पुन्हा वाजवायला घेतलं. या वेळी बोटं चालली. हळूहळू सुरू केलेलं त्याने जोरात नेलं आणि शेवटी सातवी तार अशी दणाणून सोडली की फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांवर वाजले. कावेरीबाईंनी हाताचा तळवा टेबलावर पसरून ठेवला होता. त्यांच्या घरी तो नेहमी कानाला हेडफोन लावून वाजवायचा. त्यांनी इतकी वर्षं फक्त तारांची कोरडी खरड ऐकली होती.

"हिचा आवाज असा आहे होय," त्या म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, मी चूक केली. ती मला परत द्याल का? तुम्ही म्हणाल ते देतो."

मी नाही म्हटलं. पटकन म्हटलं. सांगितलं की तिकडच्या कोरड्या हवेत मान तडकेल, विमानात टोकं मोडतील, आणि तुम्ही चार दिवस वाजवून कपाटावर ठेवाल. कावेरीबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना ऐकू गेलं होतं. मला वाटलं त्यांना बरं वाटलं असेल, गिटार इथे राहिली म्हणजे त्यांचं येणंही राहिलं. सीनू म्हणाला, "सेरी, अक्का," म्हणजे बरं, आणि आईला घेऊन गेला.

पुढच्या प्रदोषाला कावेरीबाई आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, पाय दुखतो. त्याच्या पुढच्यालाही पाय दुखत होता. मी कुंभकोणमची बस धरली आणि वाटेत पापनाशमला उतरले.

त्या ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. पाय चांगले होते. मला बघून उठल्या, पाणी दिलं, आणि पुन्हा शेंगा घेऊन बसल्या.

"मामी, माझें कांहीं चुकलें कां?"

"सीनू लहानपणापासून मागत नाहीं," त्या म्हणाल्या. "ह्यांचा धाक होता. भूक लागली तरी सांगायचा नाहीं. ती गिटार त्यानें शिकवण्या करून घेतली, तीसुद्धां आम्हांला न सांगतां. त्या दिवशीं माझ्यासमोर त्यानें तोंड उघडून एक वस्तू मागितली. तूं नाहीं म्हणालीस."

"मला वाटलें, ती इथें राहावी असें तुम्हांला हवें आहे."

"मला विचारलेंस कां?"

मी खाली बसून त्यांच्याबरोबर उरलेल्या शेंगा सोलल्या. मग त्यांनी मला जेवायला वाढलं आणि डाळ कशी भाजायची ते दाखवलं.

घरी येऊन मी सीनूला गिटार परत देते असं कळवलं आणि पेटी करायला घेतली. अशा गिटारला बाजारात पेटी मिळत नाही. मी लाकडाची करून घेतली, आतून जाड स्पंज कापून चारही टोकांना वेगवेगळे खड्डे केले, मानेखाली आधार दिला, हवेतला ओलावा कमी-जास्त होऊ नये म्हणून छोट्या पिशव्या शिवून ठेवल्या. या आयुष्यात मी बरीच कामं केली, पण त्या पेटीइतकं स्वच्छ दुसरं झालेलं नाही. सीनूच्या कंपनीतला एक माणूस सुट्टीवरून परत जाणार होता, तो घेऊन जायला तयार झाला. तो पापनाशमजवळच्या कुंभकोणमचा होता. त्यामुळे पेटी पापनाशमला पोचवायची ठरली. सीनूने पैसे परत पाठवले आणि सोबत दोन ओळी लिहिल्या. त्या मी कावेरीबाईंना वाचून दाखवल्या, कारण खरं तर त्या त्यांच्यासाठीच होत्या.

पेटी त्यांच्या कूडमात, म्हणजे घराच्या मधल्या दालनात, ठेवली तेव्हा कावेरीबाईंनी झाकण उघडून पाहिलं. स्पंजवरून हात फिरवला, टोकं दाबून पाहिली. "आंत कांहीं बदललेंस कां?" त्यांनी विचारलं.

"नाहीं."

या वेळी त्यांनी बोट नाकाशी नेलं नाही. "प्रदोषाला येतें," म्हणाल्या. "डाळ भाजून ठेवूं नको, मी भाजीन."

परतीच्या बसमध्ये मला खिडकीशी जागा मिळाली होती, पण मला एका जागी बसवेना. घरी पोचले तेव्हा दिवस मावळायचा होता. खिडकीसमोरचा खिळा मोकळा होता, आणि भिंतीवर जांभळीच्या आकाराएवढा रंग बाकीपेक्षा उजळ राहिला होता. मी दिवा लावला, साडीचा पदर खोचला आणि हिरवी खाली काढून टेबलावर पालथी घातली.

गोविंदराव दाराशी येऊन उभे राहिले. "हिला काय झालें आतां?"

"कांहीं नाहीं," मी म्हटलं, आणि मागच्या झाकणाचा पहिला स्क्रू सैल केला.